देहवस्त्राचा पारखी : झाव्हिए बिशा

माध्यमिक वर्गांच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऊतींचा एक पाठ असतो. अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती आणि चेता ऊती ही चार नावे विद्यार्थी तोंडपाठ करतात, आकृत्यांना नावे देतात, प्रत्येकीची दोन कार्ये उत्तरपत्रिकेत लिहितात आणि पुढच्या इयत्तेत जातात. पेशींच्या पाठात त्यांना बुचाच्या झाडाची साल न्याहाळणारा रॉबर्ट हुक भेटतो, रक्ताभिसरणाच्या पाठात विल्यम हार्वे भेटतो. ऊतींच्या पाठात सहसा कोणीच भेटत नाही. जणू हे वर्गीकरण शरीरावर आधीपासूनच लिहिलेले होते आणि कोणीतरी ते उतरवून घेतले! वास्तविक या पाठामागेही एक माणूस उभा आहे. तो वयाच्या तिसाव्या वर्षी वारला, त्याची सर्व महत्त्वाची पुस्तके अवघ्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडली, आणि ज्या ऊती आपली मुले आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात त्या त्याने सूक्ष्मदर्शकाला हात न लावता ओळखल्या. त्याचे नाव मारी फ्रांस्वा झाव्हिए बिशा. या हीरक महोत्सवी अंकाच्या निमित्ताने आजी-माजी विद्यार्थ्यांना व पालकांना त्याची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बिशाचा जन्म नोव्हेंबर १७७१ मध्ये पूर्व फ्रान्समधील त्वारेत या लहानशा गावी झाला. वडील मोंपेलिए येथे शिकून आलेले वैद्य होते आणि शरीरशास्त्राचे पहिले धडे मुलाला घरातच मिळाले. नांत्युआ येथील शाळेत व पुढे लियाँ येथील धर्मविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. गणित व भौतिक विज्ञान यांत त्याची बुद्धी चांगली चाले; तरीही शेवटी तो वडिलांच्याच वाटेला लागला आणि लियाँच्या रुग्णालयात मार्क-आंत्वान पेती या शल्यविशारदांच्या हाताखाली शस्त्रक्रिया शिकू लागला. शांततेचा काळ असता तर तो तेथेच एक नामांकित शल्यविशारद झाला असता. परंतु १७८९ मध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. सैन्यातील जखमींची शुश्रूषा करण्यात बिशाचा काही काळ गेला. १७९३ साली लियाँ शहराने पॅरिसच्या क्रांतिकारक सत्तेविरुद्ध उठाव केला, शहराला वेढा पडला आणि तेथील जीवन उद्ध्वस्त झाले. या धामधुमीत हा विशीतला तरुण पॅरिसला आला.

ते पॅरिस म्हणजे भयपर्वातील पॅरिस. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक लाव्हाझिए याचा शिरच्छेद मे १७९४ मध्ये याच शहरात झाला. जुनी विद्यापीठे व वैद्यकीय मंडळे क्रांतीने बरखास्त केली होती. मात्र विध्वंसाच्या याच काळात वैद्यकशिक्षणाचे एक मोठे काम झाले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १७९४ च्या अखेरीस नव्या आरोग्यशाळा स्थापन झाल्या आणि औषधोपचार करणारा वैद्य व शस्त्र चालविणारा शल्यविशारद हे शतकानुशतके वेगळे राहिलेले दोन व्यवसाय एकाच शिक्षणाखाली आले. विद्यार्थ्याने ग्रंथ वाचायचा तसाच रुग्णाच्या खाटेशी उभे राहायचे आणि रुग्ण दगावला तर त्याचे शवही उघडून पाहायचे, अशी नवी पद्धत पडली. बिशा या पद्धतीच्या पहिल्या फळांपैकी एक होय.

पॅरिसमध्ये त्याने ओतेल-दिय हे रुग्णालय गाठले. त्या नावाचा अर्थ देवाचे घर असा आहे. गरिबांसाठी चालविलेले ते पॅरिसमधील सर्वांत जुने रुग्णालय. तेथे पिएर-जोसेफ देसो हे त्या काळातील फ्रान्सचे अग्रगण्य शल्यविशारद शिकवीत असत. देसो यांच्या वर्गात एक चांगला शिरस्ता होता. नेमून दिलेल्या एका विद्यार्थ्याने आदल्या दिवसाच्या व्याख्यानाचा सारांश लिहून आणायचा आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर वाचायचा. एके दिवशी ज्याची पाळी होती तो विद्यार्थी आलाच नाही. विषय गळपट्टीच्या हाडाच्या अस्थिभंगाचा होता. कोणी वाचेल काय, अशी विचारणा झाली तेव्हा मागे बसणारा, कोणाच्या फारशा परिचयाचा नसलेला बिशा उठला. त्याचा सारांश इतका नेमका आणि भाषा इतकी स्वच्छ होती की वर्ग स्तब्ध होऊन ऐकत राहिला. व्याख्यानातील काही मुद्द्यांवर त्याने नम्रपणे शंकाही मांडल्या होत्या. ही वार्ता देसो यांच्या कानी गेली. त्यांनी बिशाला बोलावून घेतले, आपल्या घरी राहावयास सांगितले आणि त्या दिवसापासून त्याला मुलासारखे वागविले.

आपल्याकडे गुरुगृही राहून विद्या संपादन करण्याच्या कथा आपण पुराणकाळातल्या मानतो. बिशाची कथा तशीच आहे, आणि ती अठराव्या शतकाच्या अगदी अखेरची आहे. दिवसा गुरूंबरोबर रुग्णांची पाहणी, त्यांच्या पत्रव्यवहाराला मदत, संध्याकाळी चर्चा आणि रात्री उशिरापर्यंत स्वतःचे वाचन-लेखन असा त्याचा क्रम होता. देसो यांचा हात शस्त्रावर जितका चाले तितका लेखणीवर चालत नसे. ते लिहीत फार थोडे. ही उणीव या शिष्याने भरून काढली.

हा सहवास अल्पकाळच टिकला. क्रांतीने शिरच्छेद केलेल्या राजाचा, सोळाव्या लुईचा, दहा वर्षांचा मुलगा तुरुंगात आजारी होता आणि त्याच्यावर उपचार करण्याचे काम देसो यांच्याकडे आले होते. १ जून १७९५ रोजी देसो यांचा आकस्मिक मृत्यू झाला. आठवडाभरात तो मुलगाही गेला. साहजिकच विषप्रयोगाच्या वावड्या उठल्या, पण त्यांना कधी आधार मिळाला नाही. तेविसाव्या वर्षी बिशा गुरुविहीन झाला. स्वतःचे काही उभारण्यापूर्वी त्याने गुरूंचे अपुरे काम हाती घेतले. देसो यांच्या शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकाचा राहिलेला खंड त्याने पूर्ण केला, त्यांची शिकवण संगतवार लिहून काढली आणि १७९८ पासून ती ग्रंथरूपाने गुरूंच्याच नावे प्रसिद्ध केली. देसो यांच्या पत्नीच्या घरी तो पूर्वीप्रमाणेच राहू लागला, तो अखेरपर्यंत.

१७९७ मध्ये त्याने शरीररचनेचे खासगी वर्ग सुरू केले. पदवी नाही, अधिकाराची जागा नाही. तरी विद्यार्थी लोटू लागले. श्रम इतके झाले की त्याच्या तोंडातून रक्त पडले आणि काही काळ अंथरुणाला खिळावे लागले. बरे वाटताच तो पुन्हा विच्छेदनाच्या टेबलापाशी परतला.

आता त्याच्या मुख्य विचाराकडे वळू. बिशाच्या आधी, १७६१ मध्ये, इटलीतील मोर्गान्यी या वृद्ध पंडिताने शेकडो शवविच्छेदनांच्या आधारे असे दाखविले होते की रोग हा सर्व शरीरभर पसरलेल्या दोषांचा प्रकोप नसून एखाद्या विशिष्ट अवयवात त्याचे ठाणे असते. हे फार मोठे पाऊल होते. पण बिशाला शवांत काही वेगळेच दिसत होते. एकाच हृदयात कधी बाहेरचे आवरण सुजलेले असे आणि आतील स्नायू धडधाकट असे, कधी उलट. मग रोग हृदयाला झाला असे म्हणण्यात अर्थ काय? दुसरीकडे हृदयाचे आवरण, फुप्फुसांचे आवरण आणि पोटातील आतड्यांवरचे आवरण हे तीन अवयव एकमेकांपासून दूर असूनही तिघांच्या विकारांत विलक्षण साम्य असे. तिन्ही ठिकाणी तोच ओलसर, चकचकीत, पातळ पापुद्रा. तिन्ही ठिकाणी दाह झाल्यावर पाणी साठणे. तिन्ही ठिकाणी समोरासमोरचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटणे. फिलिप पिनेल या वैद्याने १७९८ च्या आपल्या ग्रंथात रोगांची मांडणी करताना अशा साम्याकडे बोट दाखविले होते आणि बिशाने ते ऋण मोकळेपणे मान्य केले आहे. मात्र पिनेल यांनी रोगांची यादी लावण्यासाठी जी कल्पना वापरली, तिच्यावर बिशाने शरीराचे एक नवे शास्त्रच उभारले.

कसर लागते ती लोकरीला. मग त्या लोकरीची शाल विणलेली असो, बंडी असो की घोंगडी. शालीचा रोग आणि घोंगडीचा रोग असे दोन रोग मानणारा माणूस कपाट कितीही वेळा उघडून पाहो, त्याला कसरीचे मर्म कळणार नाही. बिशाचे म्हणणे थोडक्यात हेच होते. अवयव हे शिवलेले कपडे आहेत. त्यांचे कापड थोड्याच प्रकारचे आहे. कापड ओळखा, म्हणजे त्याचे गुण कळतील आणि त्याला काय बाधते तेही कळेल.

कापडाची ही उपमा मी पदरची घातलेली नाही, ती शब्दातच आहे. फ्रेंच भाषेत या द्रव्याला जो शब्द रूढ झाला त्याचा अर्थ विणलेले असा आहे. १८१९ मध्ये मायर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने या विद्याशाखेला जे ग्रीक नाव दिले त्याच्या मुळाशीही मागावरचे वस्त्रच आहे. आणि आपला ‘ऊती’ हा शब्द संस्कृतातील विणणे या अर्थाच्या ‘वे’ धातूपासून आलेला आहे. ‘ओतप्रोत’ म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांनी गुंफलेले, त्यातही तोच धातू आहे. मराठी पाठ्यपुस्तकातील पारिभाषिक शब्द कृत्रिम व अवघड असतात अशी तक्रार पालक अनेकदा करतात. या एका शब्दापुरते तरी मी पारिभाषिक शब्द घडविणाऱ्यांच्या बाजूने उभा राहीन.

१८०० च्या आसपास त्याचा शरीरातील पटलांवरील प्रबंध आणि जीवन व मरण यांविषयीचे शारीरक्रियात्मक संशोधन ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली आणि १८०१ मध्ये ‘सामान्य शरीररचना’ हा त्याचा मुख्य ग्रंथ आला. त्यात त्याने मानवी देहातील २१ ऊती सांगितल्या. पहिल्या सात सर्वत्र पसरलेल्या : जाळीदार पेशीय ऊती, दोन प्रकारच्या चेता ऊती, रोहिणी, नीला, द्रव बाहेर टाकणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या आणि द्रव शोषणाऱ्या वाहिन्या. उरलेल्या चौदा ठरावीक ठिकाणी आढळणाऱ्या : अस्थी, मज्जा, कूर्चा, तंतुमय ऊती, तंतुकूर्चा, दोन प्रकारचे स्नायू, श्लेष्मल पटल, जलीय पटल, सांध्यांतील पटल, ग्रंथी, त्वचा, बाह्यत्वचा आणि केस. लाव्हाझिएने १७८९ मध्ये पदार्थांचे मूलद्रव्यांत पृथक्करण करून त्यांची यादी दिली होती. शरीराच्या बाबतीत तेच करण्याची बिशाची महत्त्वाकांक्षा होती आणि रसायनशास्त्राची ही तुलना त्याने स्वतःच केली आहे.

ऊती वेगळ्या ओळखण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकांतून दिसणाऱ्या प्रतिमेभोवती रंगांच्या कडा उमटत, आकार विकृत होत आणि पाहणाऱ्याला जे पाहायचे असेल तेच दिसे. बिशाने त्या यंत्रावर विश्वास ठेवला नाही. तो ऊतीचे तुकडे पाण्यात दिवसचे दिवस भिजत ठेवी, उकळी, वाळवी, सडू देई, आम्लात व अल्कलीत टाकी आणि प्रत्येकाचे काय होते ते टिपून ठेवी. स्नायू व त्याला हाडाशी बांधणारी दोरी डोळ्यांना सलग दिसतात, पण उकळत्या पाण्यात दोघांची वर्तणूक वेगळी असते, हे ज्याने रस्सा शिजविला आहे त्याला सांगावयास नको. हे काम अत्यंत दुर्गंधीचे व धोक्याचे होते. हातमोजे नव्हते, जंतूंची कल्पना नव्हती.

येथे एका भारतीय साम्याची आठवण होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीर पाहण्याची अशीच एक रीत सांगितली आहे. शव गवताने किंवा सालीने गुंडाळून, पिंजऱ्यात घालून संथ वाहणाऱ्या पाण्यात ठेवावे; सात रात्रींनंतर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्यांनी हळूहळू घासावे आणि त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा. दोन्हीकडे पाणी हेच शस्त्र आहे. मात्र यावरून आयुर्वेदातील सप्तधातू म्हणजेच बिशाच्या ऊती असे कोणी म्हणू लागला तर ते योग्य होणार नाही. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र ही अन्नापासून क्रमाने घडत जाणाऱ्या पोषणाची परंपरा आहे. बिशाची यादी गुणधर्म व विकार यांवरून वेगळ्या केलेल्या द्रव्यांची आहे. दोघांचे प्रश्नच निराळे होते.

जीवन व मरण यांविषयीच्या ग्रंथात त्याने सजीवाच्या दोन आयुष्यांची कल्पना मांडली. पाहणे, ऐकणे, चालणे, बोलणे हे बाह्य जगाशी संबंध ठेवणारे एक आयुष्य. ते झोपते, थकते, सवयीने बदलते. पचन, अभिसरण, श्वसन, पोषण हे दुसरे आयुष्य. त्याला विश्रांती नाही. ऐच्छिक व अनैच्छिक स्नायू असा जो भेद आपली मुले शिकतात, त्याची मांडणी बिशाच्या याच विभागणीत आढळते. हृदय, फुप्फुस आणि मेंदू या तीन दारांपैकी एका दाराने मृत्यू आत शिरतो व मग उरलेली दोन कशी बंद पडतात, हे त्याने प्रयोगांनी तपासले. कुत्र्याच्या श्वासनलिकेला तोटी बसवून हवा बंद करायची आणि रोहिणीतून निघणारे लाल रक्त काळसर होईपर्यंत पाहत राहायचे, हा त्यांतील एक प्रयोग. क्रांतीच्या वधयंत्राखाली शिरच्छेद झालेल्यांच्या शवांवर विद्युत्प्रवाहाचे प्रयोग करण्याची परवानगीही त्याने मिळविली होती. भूल देण्याची विद्या १८४६ पर्यंत अस्तित्वात आली नव्हती. हे वर्णन वाचताना आजच्या वाचकाचे मन विटते आणि ते विटावे हेच बरे. पण श्वास व हृदय यांच्या परस्परसंबंधाचे ज्ञान या मार्गाने आले, ही वस्तुस्थिती लपवून उपयोग नाही.

१८०१ च्या सुमारास ओतेल-दियमध्ये वैद्य म्हणून त्याची नेमणूक झाली. आता शवे व रुग्ण दोन्ही त्याच्या हाती होते. एका हिवाळ्यात त्याने ६०० हून अधिक शवे उघडून पाहिली. कित्येकदा तो विच्छेदनगृहातच झोपे. रुग्ण जिवंत असताना टिपलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर ऊतींत दिसलेले बदल यांची सांगड घालून रोगांचे नवे शास्त्र लिहायचे, हा त्याचा बेत होता. शिवाय ‘वर्णनात्मक शरीररचना’ या नव्या ग्रंथाचे खंड छापले जात होते.

८ जुलै १८०२ रोजी, कडक उन्हाळ्यात, तो पाण्यात भिजत ठेवलेल्या त्वचेच्या तुकड्यांची तपासणी करीत होता. तेथून निघताना रुग्णालयाच्या जिन्यावरून तो पडला आणि काही वेळ बेशुद्ध झाला. घरी आणल्यावर ताप व डोकेदुखी वाढत गेली. देसो यांच्या पत्नीने मुलाप्रमाणे त्याची सेवा केली. २२ जुलै रोजी त्याचे निधन झाले. त्याचे वय तीस वर्षे आठ महिने होते.

सम्राटपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या नेपोलियनला ही वार्ता कोर्व्हिझार या वैद्याने पत्राने कळविली. देसो आणि बिशा या दोघांची नावे एकाच स्मारकशिलेवर कोरून ती ओतेल-दियमध्ये बसवावी, असा आदेश नेपोलियनने दिला. ‘वर्णनात्मक शरीररचना’चे उरलेले खंड ब्युइसाँ व रू या बिशाच्या विद्यार्थ्यांनी पुरे केले. गुरूंसाठी त्याने जे केले होते, तेच त्याच्या वाट्याला आले.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये लेनेक या तरुण वैद्याने आतड्यांवरील आवरणाच्या दाहाचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले. पोटात दुखले म्हणजे जठर, आतडे किंवा यकृत यांपैकी कोणता अवयव बिघडला असे न विचारता, पोटातील कोणती ऊती बिघडली असे विचारण्याची ती सुरुवात होती. याच लेनेकने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधून काढला.

बिशाच्या चुका थोड्या नव्हत्या. द्रव बाहेर टाकणाऱ्या ज्या सूक्ष्म वाहिन्यांना त्याने स्वतंत्र ऊती मानले, त्या अस्तित्वातच नव्हत्या. रोहिणी व नीला या एकेक ऊती नसून प्रत्येकीच्या भिंतीत अनेक ऊती असतात. केस हे बाह्यत्वचेचेच रूप आहे. सजीवाचे गुण रसायन व भौतिकीच्या नियमांनी कधीच उलगडणार नाहीत, हा त्याचा आग्रह तर पुढच्या पिढीने मोडीतच काढला. आणि सूक्ष्मदर्शकाविषयीची त्याची अढी? १८३० च्या सुमारास रंगदोष काढलेली भिंगे आली, १८३८-३९ मध्ये श्लायडन व श्वान यांनी पेशीसिद्धांत मांडला, १८५८ मध्ये फिर्खोने रोगाचे ठाणे ऊतीतूनही आत, पेशीत नेऊन ठेवले. ज्या यंत्राला बिशाने दूर ठेवले त्यानेच त्याची २१ ची यादी आटवून चारवर आणली. अस्थी, कूर्चा, तंतुमय ऊती, मेद हे सारे संयोजी ऊतीच्या एका छत्राखाली गेले. श्लेष्मल पटलाचा पृष्ठभाग, बाह्यत्वचा व ग्रंथी अभिस्तर ऊतीत आल्या. यादी बदलली. शरीराकडे ऊतींच्या अंगाने पाहण्याची रीत मात्र टिकली. आजही एखाद्या गाठीचा तुकडा काढून तपासणीला पाठविला जातो, तेव्हा अहवालात ती गाठ कोणत्या अवयवात आहे याबरोबरच ती कोणत्या ऊतीतून उगवली हे लिहिलेले असते, आणि उपचार बव्हंशी त्यावर ठरतात.

बिशाच्या अस्थी १८४५ मध्ये पॅरिसच्या पेर-लाशेझ या दफनभूमीत हलविण्यात आल्या. १८८९ मध्ये आयफेल मनोरा उभा राहिला, तेव्हा त्यावर कोरलेल्या ७२ विज्ञाननिष्ठांच्या नावांत त्याचे नाव घेतले गेले. पॅरिसमध्ये त्याच्या नावाचे मोठे रुग्णालय आहे. आणि आपल्या प्रत्येकाच्या गालात, चघळण्याच्या स्नायूपुढे, मेदाची एक छोटी गादी असते. तान्ह्या बाळाचे गाल तिच्यामुळेच गुबगुबीत दिसतात. शरीरशास्त्रात तिला आजही बिशाचा मेदपिंड म्हणतात.